बेल वाजवा आणि आत जा

मुंबईतल्या बऱ्याच कलादालनांचं दार बंद असतं. आत एसी चालू असतो म्हणून. बाजूला छोटीशी पाटी असते आणि एक बेल. ही बेल वाजवायला माणसं घाबरतात. चित्र कळेल की नाही, ही भीती नंतरची. पहिली भीती बेलची.

मी स्वतः कुलाब्यातल्या एका दारापासून दोनदा परत आलो आहे. एकदा वाटलं, पायात साध्या चपला आहेत. दुसऱ्यांदा वाटलं, आत कोणीच दिसत नाही, आपण एकटे काय करणार. तिसऱ्यांदा जोराचा पाऊस आला म्हणून शिरलो. आत एक मुलगी कॉम्प्युटरवर काम करत होती. तिने मान वर केली, हसली आणि पुन्हा कामाला लागली. बस, इतकंच होतं. त्यासाठी मी दोन शनिवार वाया घालवले होते.

तुम्ही घालवू नका. खाजगी कलादालनात साधारणपणे तिकीट नसतं. कपड्यांचा नियम नसतो. नाव-गाव सांगावं लागत नाही. काही विकत घ्यावं अशी कोणाची अपेक्षाही नसते. साडीच्या दुकानात गादीवर बसून चाळीस साड्या उलगडायला लावायच्या आणि 'बघते, येते पुन्हा' म्हणून उठायचं, हे आपल्याला सहज जमतं. इथे तर कोणाला काही उलगडायलाही लावायचं नाही. सगळं आधीच भिंतीवर लावलेलं आहे.

इमारतीच्या खाली रखवालदार विचारेल, 'कहाँ जाना है?' प्रदर्शन बघायला, असं सांगा. तो वर बोट दाखवेल.

कोणी म्हणेल, हे सगळं श्रीमंतांचं जग. पैसेवाल्यांचा वावर तिथे आहे, हे खरंच. पण चित्रकार के. एच. आरा कोण होते ते लक्षात ठेवा. लहानपणी घर सोडून मुंबईत आलेला मुलगा. लोकांच्या गाड्या धुतल्या, घरकाम केलं, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर ज्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यांत आरा होते. म्हणजे आज ज्या चित्रांसमोर आपण चपला लपवतो, ती चित्रं काढणाऱ्यांत गाड्या पुसणारा माणूस होता.

सुरुवात जहांगीरपासून करा. काळा घोड्याचं जहांगीर कलादालन. 1952 पासून ते उघडं आहे. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने त्यासाठी पैसा दिला. तिथे बेल नाही. फुटपाथवरून सरळ आत जायचं. प्रवेश फुकट. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. रविवारीही उघडं असतं, आणि नोकरी करणाऱ्या घराला हेच महत्त्वाचं.

जहांगीरची आणखी एक सोय आहे. तिथले हॉल चित्रकार भाड्याने घेतात. कित्येक वर्षं आधी अर्ज करून नंबर लागतो. एक आठवडा मिळतो, साधारण मंगळवार ते सोमवार. त्यामुळे तो आठवडाभर चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. कोणी कोल्हापूरहून आलेला असतो, कोणी नागपूरहून. बरोबर बायको असते, डबा असतो, कधी गावाकडचा मित्र असतो. त्याच्याशी बोला. 'हे कशाने काढलंत?' एवढं विचारलं तरी पुरे. तो भरभरून बोलेल. दिवसभर लोक नुसते पुढून निघून जात असतात; थांबून विचारणारा माणूस त्याला हवाच असतो.

सगळी चित्रं चांगली असतील असं नाही. स्पष्टच सांगतो, जहांगीरमध्ये घोडे, गणपती आणि बनारसचे घाट यांचा सुकाळ असतो. पण एका फेरीत चार-पाच हॉल बघून होतात. त्यातल्या एका भिंतीसाठी जाणं सार्थकी लागतं. बाहेर फुटपाथवरही चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात, काही जण समोर बसवून तुमचं व्यक्तिचित्र काढून देतात. मुलांना तिथे उभं करा. हात कसा चालतो ते बघू दे त्यांना.

पूर्वी आतच समोवार नावाचं कॅफे होतं. चित्रकार तिथे एका चहावर अख्खी दुपार काढत. 2015 मध्ये ते बंद झालं. मला अजून चुकल्यासारखं होतं. तुम्ही मात्र पोटाची सोय आधी करून निघा. हा भाग महाग आहे. चार माणसांचं घर तिथे ठरवल्याशिवाय जेवायला बसलं, तर बिल बघून चित्र विसरायला होतं. घरून डबा न्या, किंवा फोर्टात आत शिरून एखादं उडप्याचं किंवा इराण्याचं हॉटेल गाठा.

आता दिवस कसा आखायचा ते सांगतो.

शनिवार निवडा. खाजगी दालनं बहुतेक रविवारी बंद असतात आणि काही सोमवारीही. सरकारी राष्ट्रीय आधुनिक कलादालन सोमवारी बंद असतं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. दोन प्रदर्शनांच्या मधे आठवडाभर भिंती रिकाम्या असतात, रंगकाम चालू असतं. तेव्हा निघण्याआधी एक फोन करा, किंवा मुलांना मोबाईलवर बघायला सांगा. डोंबिवलीहून दीड तास उभ्याने यायचं आणि दाराला कुलूप बघायचं, हे एकदा झालं की घरातलं माणूस पुन्हा येत नाही.

चर्चगेटला किंवा सीएसएमटीला उतरा. पंधरा-वीस मिनिटं चालत काळा घोडा येतो. आता मेट्रो 3 चं हुतात्मा चौक स्थानकही आहे. टॅक्सीने जाऊ नका असं नाही, पण चालत गेलात तर हा भाग कळतो.

एका दिवसात तीन जागा. चौथी नको. माझं ऐका. पाचव्या दालनात माणूस चित्र बघत नाही, खुर्ची शोधतो.

पहिली जागा जहांगीर. दुसरी, तिथून चार पावलांवर, राष्ट्रीय आधुनिक कलादालन. पूर्वीचा सर कावसजी जहांगीर हॉल. कधीकाळी तिथे सभा आणि मैफली होत. 1996 पासून तिथे चित्रं लागतात. तिकीट नाममात्र असतं. आत अर्धगोल सज्जे एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात. पायऱ्या बऱ्याच आहेत. बरोबर आई-वडील असतील, गुडघे दुखत असतील, तर दारातच लिफ्टची चौकशी करा. आणि पिशव्या खाली ठेवायला सांगतील, म्हणून पाकीट आणि औषधं खिशात काढून घ्या.

एखाद्या चित्रकाराचं आयुष्यभराचं काम इथे एकत्र बघायला मिळतं. सुधीर पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन इथे 2019 च्या शेवटी लागलं होतं. पटवर्धन ठाण्याचे. 2005 पर्यंत तिथे ते क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत आणि उरलेल्या वेळात चित्रं काढत. त्यांच्या चित्रांत लोकलचे प्रवासी आहेत, इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस आहे, गिरण्या गेल्यावरचं लोअर परळ आहे. ज्यांना चित्रकलेची धास्ती वाटते त्यांनी पटवर्धनांपासून सुरुवात करावी. पहिल्याच चित्रात ओळखीचं कोणीतरी भेटतं.

तिसरी जागा बेलवाली. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्ल्यांत आणि फोर्टात अशी बरीच दालनं आहेत. कोणी जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, कोणी तळमजल्यावर जुन्या छापखान्याच्या जागेत. फोर्टातलं केमोल्ड तिसऱ्या मजल्यावर आहे. हे दालन 1963 मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झालं आणि 2007 मध्ये इथे आलं. केकू आणि खोरशेद गांधी यांनी ते चालवलं. त्यांचा मूळ धंदा चौकटींचा. केमिकल मोल्डिंग, त्यावरून केमोल्ड. चौकटी बनवता बनवता ते चित्रकारांचे मित्र झाले आणि दुकानाचं दालन झालं. आपल्या गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडे पुढच्या वेळी जरा आदराने बघा.

आत गेल्यावर टेबलावरचा एक कागद मागून घ्या. त्यावर चित्रकाराबद्दल चार ओळी आणि चित्रांची यादी असते. बहुतेक इंग्रजीत. ती इंग्रजी भयंकर असते. मला सवय होऊनही अर्धी कळत नाही. ती वाचून स्वतःला कमी लेखू नका. घडी घालून पिशवीत टाका आणि चित्राकडे वळा.

चित्र बघायचं कसं, हे लोक फार विचारतात. माझी एक साधी रीत आहे. हॉलमधून एकदा भरभर फिरा, बाजारात भाजी घेण्याआधी सगळे गाळे बघून येतो तसं. मग एकच चित्र निवडा. आवडलेलंच हवं असं नाही. ज्याने पाय थांबवले ते. त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा. घड्याळ लावून.

आता असं समजा की घरी आजी आहे, तिला दिसत नाही आणि ती फोनवर विचारते आहे, काय बघतोयस रे? तिला सांगा. निळी भिंत आहे. खाटेवर कोणीतरी पाठ करून झोपलंय. एक पाय चादरीबाहेर आहे. उजेड डावीकडून येतोय, पण खिडकी दिसत नाही. एवढं सांगता सांगता तुमच्याच ध्यानात येईल, की खिडकी का नाही दाखवली? तुमचं बघणं तिथून सुरू होतं. मग जवळ जा, रंग किती जाड लावलाय बघा. मग पाच पावलं मागे या. शेवटी पाटी वाचा. पाटीवर नाव, वर्ष, माध्यम आणि माप असतं. 'शीर्षक नाही' असं लिहिलं असेल तर चिडू नका. चित्रकाराने नाव ठेवायचं काम तुमच्यावर सोडलंय.

नुसते रंग असतील, माणूस-झाड काहीच नसेल, तर? तेव्हाही आजीला सांगा. अशी नुसत्या रंगांची चित्रं करणारे वासुदेव गायतोंडे गिरगावात वाढलेले. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच चित्रं ते करत. रोलरने रंग फिरवायचा, सुरीने खरवडायचा, पुन्हा चढवायचा. त्यांच्या चित्रासमोर कोणी म्हणतं, हे तर आमचा बंड्यापण काढेल. हरकत नाही. घरी जाऊन बंड्याला कागद आणि रंग द्या. एका रंगाने कागद असा भरायला सांगा की बघणारा दहा मिनिटं हलणार नाही. रविवार छान जाईल. बंड्यालाही कळेल आणि आपल्यालाही.

नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणा. घरातल्या घरात भांडा. आमच्याकडे लोकल ठाण्याला पोचेपर्यंत वाद चालतो.

प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' नावाचं मराठी पुस्तक आहे, 1990 चं. मोठा चित्रकार आपल्या भाषेत चित्राबद्दल कसा विचार करतो ते त्यात दिसतं. ग्रंथालयात मिळालं तर आणा. रोज दोन पानं वाचण्याचं पुस्तक आहे ते, एका बैठकीत संपवायचं नव्हे.

आजकाल प्रदर्शनात चित्रंच असतील असं नाही. मांडणशिल्प असतं. म्हणजे खोलीभर वस्तू मांडलेल्या असतात: भांडी, विटा, दोऱ्या, जुने दरवाजे. अतुल दोडिया यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढली. शटर खाली असलं की एक चित्र, वर केलं की आत दुसरं. अशा वेळी भोवती फिरा. आत पाय ठेवायचा की नाही, हे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता पाय ठेवला तर मात्र पंचाईत. अंधाऱ्या खोलीत व्हिडिओ चालू असेल तर किती मिनिटांचा आहे ते पाटीवर बघा आणि बाकावर बसा. पायांनाही विसावा मिळतो.

हात लावू नका. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बोट पुढे जातंच. आपल्या बोटाला घाम असतो, तेल असतं. आज डाग दिसत नाही, दोन वर्षांनी दिसतो. पण बोटापेक्षा धोका पाठीवरच्या सॅकचा. आपण वळतो आणि सॅक मागच्या चित्राला घासते. सॅक पोटावर घ्या, लोकलमध्ये घेतो तशी. छत्री दारात ठेवा. मी त्या पावसाच्या दिवशी ठिबकती छत्री घेऊन तसाच आत गेलो होतो. त्या मुलीने काही न बोलता बादली आणून ठेवली.

फोटो काढायचा तर आधी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा. चित्रासमोर पाठ करून सेल्फी काढताना पाठ चित्राला टेकते, एवढं बघा.

लहान मुलं नेऊ का? न्या. पण अर्ध्या तासासाठी. आधी खाऊ घाला, बाथरूमला नेऊन आणा. खाजगी दालनात ही सोय सहज मिळेलच असं नाही. जहांगीरला किंवा शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आटपून घ्या. मुलांना गप्प बसा म्हणू नका, काम द्या. पिवळा रंग सगळ्यात जास्त कुठे आहे ते शोध. कुत्रा कुठे आहे? या माणसाने नाक का मुरडलंय?

मुलांसाठी खरी जागा भायखळ्याची. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला जाताच, तर दारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. 1872 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आत जुन्या मुंबईची मातीची माणसं, छोट्या होड्या, बैलगाड्या. आणि त्याच कपाटांच्या मधे आजच्या चित्रकारांना बोलावून त्यांची कामं मांडायची रीत तिथे पडली आहे. जुनं आणि नवं शेजारी शेजारी बघायला मिळतं. काळा घोड्याला ज्या घोड्यामुळे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा 1965 मध्ये तिथून हलवला. तो आता इथे, राणीच्या बागेत आहे. मुलांना आधी काळा घोडा दाखवा आणि विचारा, घोडा कुठे गेला? दुसऱ्या शनिवारी भायखळ्याला उत्तर दाखवा. काळा घोड्याला हल्ली नवा, स्वार नसलेला घोडा उभा आहे, त्यामुळे मुलं वाद घालतील. घालू द्या.

जानेवारी-फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव मात्र पहिल्या खेपेला टाळा. गंमत असते, पण गर्दी जत्रेची. चित्र बघायचं राहून जातं. त्याऐवजी जानेवारीत शहरातली दालनं मिळून गुरुवार ते रविवार असे चार दिवस पाळतात, त्याला मुंबई गॅलरी वीकेंड म्हणतात. तेव्हा रविवारीही दारं उघडी असतात, चित्रकार येतात, कोणीतरी बरोबर फिरून समजावून सांगतं. फुकट असतं. जे. जे. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शनही चुकवू नका. सीएसएमटीहून पाच मिनिटांवर. तिथे पोरं स्वतः आपल्या चित्राशेजारी उभी असतात. कोणी परभणीचं, कोणी चिपळूणचं. बोलायला बेलही नको आणि इंग्रजीही नको.

आता पैशाचं. इथे जरा थांबून बोलतो, कारण इथे घरं फसतात.

मार्च 2025 मध्ये हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे 1954 चं चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 118 कोटी रुपयांना गेलं. पेपरात आलं. लगेच आमच्या सोसायटीत एक गृहस्थ म्हणाले, चित्रांत पैसा टाकायला हवा. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. गुंतवणूक म्हणून चित्र घेऊ नका. सोनं घेतलं तर अडचणीला सोनार वजन करून पैसे देतो. चित्राला वजनकाटा नाही. तुम्ही विकायला निघालात की घेणारा मिळेलच असं नाही. ज्या एका चित्राला कोटी मिळाले त्याची बातमी झाली. हजारो चित्रं माळ्यावर आहेत, त्यांची बातमी होत नाही.

मोठ्या चित्रकाराचं चित्र स्वस्तात मिळतंय असं कोणी सांगितलं, तर तिथून निघा. नकली चित्रांचा धंदा जुना आहे. जुन्या नोकराकडून आलं, घर मोडताना सापडलं, बिल नाही पण ओळखीतलं आहे, ही सगळी वाक्यं त्याच धंद्यातली.

आवडलं म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या. भिंतीवर रोज दिसणारं खरं चित्र ही वेगळीच गोष्ट आहे. विद्यार्थ्याचं घ्या, फुटपाथवरचं घ्या, छोटं छापाचित्र घ्या, म्हणजे चित्रकाराने ठशावरून काढलेली मोजक्या प्रतींतली एक. किंमत विचारायला लाजू नका. टेबलावर यादी असते, फक्त मागावी लागते. पाटीशेजारी लाल टिकली दिसली तर ते चित्र विकलं गेलेलं आहे. बिल घ्या. बिलावर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, वर्ष, माध्यम, माप हवं. छापाचित्र असेल तर खाली पेन्सिलने किती प्रतींपैकी कितवी ते लिहिलेलं आणि सही हवी. मशिनवर छापलेलं पोस्टर म्हणजे छापाचित्र नव्हे. चौकटीचा आणि घरपोच आणण्याचा खर्च किमतीत धरला आहे का, तेही तिथेच विचारा.

घरी आणल्यावर पावसाची भिंत टाळा. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या बाजूची भिंत ओल धरते आणि कागदावर बुरशीचे पिवळे ठिपके पडतात. चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळते. समोरून ऊन येत असेल तर जागा बदला. ओल्या फडक्याने पुसू नका. दिवाळीच्या साफसफाईत तर कामवाल्या ताईंना आधीच सांगून ठेवा.

आणि एक फसवणूक चित्र घेणाऱ्यांची नाही, काढणाऱ्यांची आहे. घरात कोणी चित्रं काढत असेल तर हा भाग पुन्हा वाचा.

माझ्या पुतणीने इंटरनेटवर आपली चार चित्रं टाकली होती. महिन्याभरात फोन आला. तुमचं चित्र निवडलं गेलंय, मुंबईत मोठं प्रदर्शन आहे, प्रमाणपत्र मिळेल, बातमी येईल. घरात पेढे वाटून झाले. मग दुसरा फोन. जागेचे पैसे, चौकटीचे पैसे, पुस्तिकेचे पैसे. भावाने भरले. प्रदर्शन झालं एका हॉलमध्ये, एका भिंतीवर दोनेक डझन चित्रं दाटीवाटीने टांगलेली, आणि बघायला आलेले सगळे एकमेकांचे नातेवाईक. पोरगी वर्षभर ब्रशला शिवली नाही.

पैसे मागणं म्हणजे फसवणूकच, असंही नाही. जहांगीरला हॉलचं भाडं चित्रकारच भरतो. 1888 पासून चालत आलेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवताना थोडी फी असते, मग परीक्षक निवड करतात आणि बरीच चित्रं परत येतात. फरक ओळखायचा तो इथे. नकार देणारी जागा खरी. सगळ्यांनाच होकार देऊन मग पैसे सांगणारी जागा संशयाची. भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. निवड कोणी केली? गेल्या वर्षी कोणाची चित्रं होती, त्यांच्याशी बोलता येईल का? एका माणसाची किती चित्रं आणि किती जागेत? उत्तर गोलमाल आलं तर फोन ठेवा. आणि शक्य तर त्यांचं चालू प्रदर्शन स्वतः जाऊन बघून या. पाच मिनिटांत कळतं.

शेवटचं. दाराजवळ एक वही असते, अभिप्रायाची. तीत 'छान', 'अप्रतिम' आणि सह्या असतात. तुम्ही मराठीत लिहा, आणि कोणतं चित्र ते लिहा. 'तिसऱ्या चित्रातली चादर आमच्या सोलापूरच्या घरी होती', असं. रात्री हॉल बंद झाल्यावर चित्रकार ती वही वाचतो.

वहीत फोन नंबरचा रकाना असतो. भरला तर पुढच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाचं निमंत्रण मोबाईलवर येईल. आलं तर जा, ते खरोखरच सगळ्यांना असतं. संध्याकाळी सहा-साडेसहाला असतं, ऑफिसातून परस्पर जाता येतं. गर्दीत चित्र नीट दिसत नाही, पण माणसं भेटतात. चहा आणि काहीतरी तोंडात टाकायला असतं. कुलाब्यात क्वचित वाइनही. रिकामा कप तेवढा चबुतऱ्यावर ठेवू नका. वर काही नसलं तरी तो चबुतरा प्रदर्शनातला असू शकतो.